खंदकाच्या काठच्या राजधान्या

राजधानी म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रायगड उभा राहतो. तुटलेला कडा, धापा टाकत चढायच्या पायऱ्या, वर भन्नाट वारा. मराठवाड्यातल्या राजधान्यांना हे वैभव नाही. त्या सपाटीवर आहेत. एसटी स्टँडवर उतरावं, कुणाला तरी ‘किल्ला कुठंय हो?’ असं विचारावं आणि चालत जावं, इतक्या त्या जवळ आहेत. बहुधा म्हणूनच त्या कुणाच्या नजरेत भरत नाहीत. चढ नसलेल्या किल्ल्याला आपल्याकडे किल्ला म्हणायला लोक जरा कचरतात.

आज या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जण प्रतापगड पाहून आले आहेत असं विचारलं, तर निम्मे हात वर होतील. त्यात शाळेच्या सहलीचा वाटा मोठा. कंधारचा किल्ला आतून कितींनी पाहिला, असं विचारलं तर हात मोजायला फार वेळ लागणार नाही. नांदेडहून कंधार साधारण पन्नास किलोमीटर. तेव्हा अंतराची सबब चालायची नाही.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या पट्ट्यात राष्ट्रकूटांपासून आसफजाही निजामांपर्यंत एकामागून एक राजवटी येऊन गेल्या. कल्याणीचे चालुक्य, यादव, बहमनी, बरीदशाही, निजामशाही, मोगल, मराठे. प्रत्येकाला इथं ठाणं हवं होतं, कारण गोदावरीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे, बीदर-गुलबर्ग्याच्या बाजूला उतरणाऱ्या वाटा याच मुलखातून जात. पण ठाणं करायचं कुठं? सह्याद्रीसारखे सुळके इथं नाहीत. बालाघाटच्या डोंगररांगा आहेत, पण त्या माथ्यावर पसरट. मग जे काम तिकडं कड्यानं केलं, ते इकडं पाण्याला करावं लागलं. जमीन खणायची, खंदक काढायचा, त्यात पाणी फिरवायचं आणि मधोमध कोट बांधायचा. भुईकोट म्हणतात तो हा. इथल्या राजधान्या समजून घ्यायच्या तर बुरुज मोजण्याआधी पाणी कुठून येत होतं हे शोधायला हवं.

कंधारला ते शोधावं लागत नाही. मन्याड नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. शेजारी जगत्तुंग सागर नावाचा जुना तलाव आहे. जगत्तुंग हे राष्ट्रकूटांच्या घराण्यातलं बिरुद. आठव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेला आणि थेट कनौजपर्यंत धडक मारलेला गोविंद तिसरा ते लावत असे. हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या नावाचा तलाव, आणि त्या नावानं तो आजही ओळखला जातो. महाराष्ट्रात अशी उदाहरणं फार नाहीत.

किल्ला बांधल्याचं श्रेय परंपरेनं राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याला दिलं जातं. त्याची कारकीर्द इ.स. 939 ते 967. हा काही लहानसहान राजा नव्हे. 949 मध्ये तक्कोलमच्या लढाईत त्याच्या फौजेनं चोळांचा राजपुत्र राजादित्य याला ठार केलं आणि चोळांची सत्ता काही दशकं तरी खिळखिळी करून टाकली. अशा राजाच्या बिरुदांत ‘कंधारपुरवराधीश्वर’ हे एक होतं, म्हणजे कंधार या श्रेष्ठ नगराचा स्वामी. राष्ट्रकूटांची मुख्य राजधानी मान्यखेट, आजच्या कर्नाटकातलं मळखेड. पण बिरुदात मिरवावं इतकं कंधार मोठं होतं. इथं सापडलेल्या त्याच्या काळातल्या शिलालेखात नगरातल्या देवळांची आणि त्यांना लावून दिलेल्या दानधर्माची नोंद आहे. शिलालेख वाचताना वाटतं, हे आजच्या कंधारपेक्षा गजबजलेलं गाव असलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष किल्ला. गावातून चालत गेलं की आधी खंदक लागतो, आणि पावसाळ्यानंतर त्यात चांगलं पाणी असतं. पलीकडे दुहेरी तटबंदी. बाहेरचा तट बुटका, आतला उंच, म्हणजे शत्रूनं पहिला ओलांडला तरी तो दुसऱ्याच्या माऱ्यात सापडावा. दरवाजे एकामागोमाग एक आणि वळणं घेत जाणारे. हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये यासाठी ही वळणं. यातल्या एका दरवाजाला मछली दरवाजा म्हणतात, दगडात कोरलेल्या माशामुळे. आत लाल महाल, राणी महाल अशा नावांच्या इमारतींचे अवशेष आहेत. मशीद आहे, तोफा आहेत. भिंतींवर फार्सी लेख आहेत. त्यांतला एखादा तुघलकाच्या काळाची आठवण देतो. एका कोपऱ्यात आसपासच्या गावांतून, शेतांतून आणून ठेवलेली शिल्पं दिसतात. जैन तीर्थंकर, देवी, वीरगळ, नक्षीचे खांब. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. राष्ट्रकूटांच्या पायावर बहमनी इमला, त्यावर निजामशाहीची डागडुजी, त्यावर 1631 मध्ये किल्ला जिंकणाऱ्या मोगलांची भर. हे सगळे थर एकाच भिंतीत वाचता येतात. दगड काढून दगड लावण्याचं काम प्रत्येकानं केलं, कुणी त्याचा संकोच धरला नाही.

किल्ल्याबाहेरही कंधार संपत नाही. गावाजवळ मानसपुरीला क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे आहेत. क्षेत्रपाल म्हणजे नगराचा, क्षेत्राचा राखणदार. मूर्ती अखंड उभी असताना केवढी असेल याचा अंदाज तुकड्यांवरून बांधावा लागतो. नुसत्या पावलाशेजारी उभं राहिलं तरी आपलीच उंची कमी झाल्यासारखी वाटते. दहाव्या शतकात मन्याडच्या खोऱ्यात शिरणाऱ्या वाटसरूला हा राखणदार किती लांबून दिसत असेल! श्रवणबेळगोळचा गोमटेश्वरही त्याच शतकातला, गंगांच्या मंत्र्यानं उभारलेला. आणि गंग हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. भव्य मूर्तींची ती हौस त्या काळाच्या हवेतच होती म्हणायची. गोमटेश्वर उभा राहिला, आणि जगभरातून माणसं तिथं जातात. कंधारचा राखणदार कोसळला.

आणि गावात हाजी सैय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. त्याच्या उरुसाला सगळ्या धर्मांची माणसं जातात. किल्ला पाहायला आलेल्यानं दर्गा टाळू नये.

कंधारवर इतका वेळ घेतला याचं कारण साधं आहे. बाकीच्या ठिकाणांबद्दल कुणी ना कुणी बोलतं.

औसा लातूरपासून वीस किलोमीटरवर. हा किल्ला बांधणाऱ्याची हुशारी जागेच्या निवडीत आहे. किल्ला खोलगट जागेत बसवला आहे, भोवती सगळीकडून उंचवटा. त्यामुळे लांबून येणाऱ्या फौजेला कोटाचा बराचसा भाग दिसतच नाही, मात्र आतल्या उंच बुरुजावरून चारी दिशांची धूळ दिसते. भोवतीचा खंदक सुमारे 120 फूट रुंद. आज तो बहुतेक कोरडा आहे. मलिक अंबरानं हा किल्ला घेतला तेव्हा गावाला अंबरापूर नाव दिलं, पण लोकांनी ते चालू दिलं नाही. हबशी गुलाम म्हणून इथं आलेला आणि निजामशाहीचा कर्ता झालेला हा माणूस खडकीला नहर काढणारा पाण्याचा जाणकार होता. तेव्हा खंदकाचा किल्ला त्याला आवडला असणार, असं म्हणायला हरकत नाही.

औशाच्या पुढे खरोसा. जांभ्या दगडाच्या टेकडीत कोरलेली लेणी, साधारण सहाव्या शतकातली. वेरूळची ऐट इथं नाही, आणि दगड मऊ असल्यानं झीजही फार. पण नरसिंह, कार्तिकेय, शिव-पार्वती, कैलास हलवणारा रावण ही मंडळी त्या झिजलेल्या अंगानंही ओळखू येतात. वेरूळला गर्दीत मान वर करून पाहण्यापेक्षा इथं एकट्यानं तासभर बसणं अधिक सुखाचं.

उदगीरची गोष्ट मराठी शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते, फक्त गाव कुणी पाहिलेलं नसतं. 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीर ते औसा या टापूत निजामाच्या फौजेला कोंडीत धरलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूनं बोलल्या. तहात साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादेसारखी ठिकाणं मिळाली. मराठ्यांना दक्षिणेत इतकं मोठं यश त्याआधी क्वचित मिळालं होतं. पण त्याच सुमारास उत्तरेतून बातमी आली की जानेवारीतच बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. परतूरला मसलत झाली, आणि उदगीरचा विजेता उत्तरेकडे निघाला. वर्षभरात पानिपत घडलं. उदगीरच्या तटावर उभं राहिल्यावर ही साखळी मनात येतेच. किल्ल्यात उदयगिरी महाराजांची समाधी आहे, ती जमिनीच्या पातळीपासून बरीच खाली. गावाचं नावही त्यांच्यावरून पडलं असं मानतात. भोवतीचा खंदक खोल. एप्रिल 2022 मध्ये इथं 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, भारत सासणे अध्यक्ष होते. त्या निमित्तानं राज्यभरातली पुष्कळ माणसं उदगीरला आली. त्यांतले काही जण मांडवातून उठून किल्ल्याकडेही गेले असतील, अशी आशा आहे.

आता लातूर शहर. राष्ट्रकूट राजे दूर मान्यखेटला बसून राज्य करत असतानाही स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. आपलं मूळ गाव ते विसरले नव्हते. हे लत्तलूर म्हणजे आजचं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या काळातला, बाराव्या शतकातला शिलालेख पापविनाशक मंदिरात मिळाला. त्यात या नगरात पाचशे विद्वान राहत असल्याचं म्हटलं आहे. दहावी-बारावीच्या निकालांच्या दिवसांत ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द वर्तमानपत्रांत येतो तेव्हा हा शिलालेख आठवतो. शिकवण्यांच्या पाट्यांनी भरलेल्या रस्त्यांवर त्याची आठवण देणारी एक पाटी लावायला खर्च तो किती येईल?

शहराचं आजचं रूप मात्र राजांपेक्षा रेल्वेनं घडवलं. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला पोचली आणि आसपासच्या कापूस-धान्याला बाजार मिळाला. त्यानंतर 1917 मध्ये गंजगोलाई उभी राहिली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेलं हे गोल दुमजली बांधकाम, मध्ये अंबाबाईचं देऊळ, आणि चौफेर फुटणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सराफ, दुसऱ्याला चपला, तिसऱ्याला मिरची, पुढे गूळ. नाकानं वाट काढावी असा हा बाजार आहे. जयपूरची आखणी पाहायला लोक राजस्थानात जातात. निजामाच्या राज्यातल्या एका तालुक्याच्या गावात शंभर वर्षांपूर्वी कुणी असा विचार केला होता, हे पाहायला गोलाईच्या मधोमध सकाळी दुकानं उघडायच्या वेळी उभं राहावं. नंतर गर्दीत आखणी हरवते.

याच लातूरला 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. जलदूत. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्या मुलखात राजांनी तलाव बांधून त्याच्या भरवशावर कोट उभे केले, त्या मुलखाच्या मोठ्या शहरानं सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून येणाऱ्या पाण्याच्या गाडीची वाट पाहिली. आडांत आणि बारवांत गाळ-कचरा साचू देण्याचा हिशेब त्या उन्हाळ्यात चुकता करावा लागला. इतिहास पाहायला निघालेल्यानं ही तारीखही वहीत लिहून ठेवावी.

नांदेडकडे वळू. वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याच्या वाशीमच्या ताम्रपटात नंदिकट या प्रदेशाचा उल्लेख येतो. तो नांदेडचा परिसर समजला जातो. म्हणजे नाव सोळाशे वर्षांपूर्वीचं. गोदावरीनं तीन बाजूंनी वेढलेला नंदगिरी किल्ला जुन्या वस्तीत आहे, आणि शहराला पाणी पुरवण्याची जुनी यंत्रणाही त्याच किल्ल्यात बसवली गेली. भुईकोटाचा पाण्याशी असलेला संबंध इथं विसाव्या शतकातही टिकला!

पण जगभरातला माणूस नांदेडला येतो तो गुरू गोविंदसिंगांसाठी. बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आलेले गुरू 1708 मध्ये इथं राहिले, गोदाकाठी माधोदास बैरागी त्यांना भेटला आणि बंदा सिंग बहादूर होऊन पंजाबात परतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुरूंनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवलं. शीख धर्माला कायमचं वळण देणारा हा निर्णय गोदावरीच्या काठी झाला. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात आजच्या वास्तूचं बांधकाम करवून घेतलं. पाच तख्तांपैकी हे एक, तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब.

बहुतेक पाहुणे दर्शन, लंगर आणि संध्याकाळचा झगमगाट पाहून निघतात. खरी पाहण्यासारखी गोष्ट पहाटेच्या बरीच आधी, अंधारात घडते. गागरिया सिंग चांदीची गागर घेऊन गोदावरीवर जातो, पाणी भरतो, आणि त्या पाण्यानं तख्ताचं स्नान होतं. दररोज. संध्याकाळी गुरूंची शस्त्रं एकेक करून संगतीला दाखवतात, प्रत्येकाचं नाव सांगतात. हुजुरी शिखांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या मुरलेली दखनी बोली, त्यांचा दसरा-होळीचा हल्लाबोल, मिरवणुकीतले घोडे हे पंजाबात असंच्या असं सापडत नाही. बंदा घाट, नगीना घाट, माता साहिब, माळटेकडी ही ठिकाणं एका दिवसात उरकण्यापेक्षा दोन दिवस द्यावेत.

ज्यांना आणखी वेळ आहे त्यांनी देगलूरजवळ होट्टलला जावं. चालुक्यकाळात पोट्टलनगरी म्हणून गाजलेलं हे गाव, आणि तिथल्या सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरींसाठी सकाळचं तिरपं ऊन उत्तम. डिसेंबर-जानेवारीत येणार असाल तर लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा गाठावी. घोडे, उंट, गाढवं आणि रात्री लावणी. निलंग्याचं नीळकंठेश्वर मंदिरही त्याच फेरीत जमतं. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांचं जन्मगाव ते हेच.

जुन्या राजधानीचं काय करावं याचं एक उदाहरण खूप दूरचं आहे. कॅरेबियन समुद्रातल्या क्युबाची राजधानी हवाना. तिचा जुना भाग 1982 मध्ये जागतिक वारसा यादीत आला, तरी वाडे ढासळत होते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तर सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला. तेव्हा शहराचे अधिकृत इतिहासकार युसेबियो लेआल यांच्या कार्यालयाला 1993 मध्ये एक विशेष अधिकार मिळाला. जुन्या भागात हॉटेलं, खानावळी स्वतः चालवायच्या आणि येणारा पैसा तिथल्याच इमारतींवर, शाळांवर, म्हाताऱ्यांच्या निवाऱ्यांवर खर्च करायचा. चौक एकामागून एक उभे राहिले. काही कुटुंबांना हलावं लागलं, टीकाही झाली, आणि 2016 मध्ये हा व्यवहार लष्कराशी जोडलेल्या कंपनीकडे गेला. तरीही मधल्या दोन दशकांत एक गोष्ट दिसून आली. स्मारकातून येणारा पैसा स्मारकाजवळ राहिला तर आसपासच्या माणसाला त्याची राखण करावीशी वाटते. शिवाय शहराला अधिकृत इतिहासकार असतो ही कल्पनाच आपल्याकडे नवी आहे. आपल्या नगरपालिकांत पाणीपुरवठ्याचा, स्वच्छतेचा अधिकारी असतो. इतिहासाचा कुणी नसतो.

कंधारला हवाना करा असं कुणी म्हणणार नाही. मागणी फार लहान आहे. किल्ल्यातल्या शिल्पांवर एक साधं छप्पर आणि प्रत्येकापुढे मराठीत दोन ओळींची पाटी. माहिती सांगू शकणारी गावातलीच चार-पाच शिकलेली पोरं, ज्यांना सांगण्याचे पैसे मिळतील. जगत्तुंग सागरात कचरा जाणार नाही याची सोय. आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींना एक विनंती. देवळाचा जीर्णोद्धार करताना जुन्या मूर्तींवर ऑइलपेंट चढवू नका, कोरीव खांब फोडून सिमेंटच्या ओट्यात घालू नका. हौसेनं केलेल्या या कामांनी जेवढं नुकसान झालंय, तेवढं सुलतानांनीही केलं नसेल.

शिक्षक मंडळी इथं आहेत, त्यांना वेगळं सांगणं आहे. यंदा सहलीचं पत्रक काढाल तेव्हा त्यात कंधारचं नाव पहिलं घाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे, खंदकात पाणी असतं आणि उन्हाचा ताप नसतो. नांदेडहून सकाळी निघालं तर कंधार आणि मानसपुरी पाहून संध्याकाळपर्यंत मुलं घरी पोचतात.